जुन्या रहस्यपटांसाठी घेतलेला प्रोजेक्टर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला मी एक छोटा एलईडी प्रोजेक्टर घरी आणला. किंमत साडेसतरा हजार रुपये. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण या किमतीतली बहुतेक यंत्रे आतून सारखीच असतात आणि माझा अनुभव थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांनाच लागू पडेल. क्रिकेट आणि नवे चित्रपट पाहायला घरात टीव्ही आहेच; हे यंत्र मी १९४० ते १९७० या काळातले रहस्यपट आणि भयपट अंधारात, भिंतभर आकारात पाहण्यासाठी घेतले. तेव्हा हे परीक्षण त्या एकाच कामापुरते आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

हा नाद पुस्तकांतून लागला. वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत बाबुराव अर्नाळकरांची छोटी पुस्तके होती. आठवीच्या सुट्टीत झुंजार आणि काळा पहाड यांनी मला धरले आणि पुढे नारायण धारप, सुहास शिरवळकर असे करत ते वेड कायमचे जडले. त्यातून घरात एक पद्धत पडली आहे. आठवडाभर एखादी रहस्यकथा किंवा भयकथा वाचायची आणि शनिवारी रात्री तिच्यावर बेतलेला, किंवा निदान तिच्या जातकुळीचा चित्रपट पाहायचा. पूर्वी हे टीव्हीवर होत असे. गेल्या दहा महिन्यांत प्रोजेक्टरवर असे पस्तीसेक चित्रपट झाले.

आधी खोक्यावरच्या मजकुराबद्दल. ‘४के सपोर्ट’ याचा अर्थ यंत्र ४के फाइल स्वीकारते, एवढाच. पडद्यावर प्रत्यक्ष उमटणारे बिंदू माझ्या यंत्रात १९२० बाय १०८० आहेत आणि तो आकडा बारीक अक्षरांत ‘नेटिव्ह रेझोल्यूशन’ या ओळीत शोधावा लागतो. लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्यापुढे एएनएसआय (मोजणीचे प्रमाणित मानक) लिहिलेले नसेल तर तो आकडा न वाचलेला बरा. तसेही जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती आपल्यापर्यंत पोहोचतात त्यांत इतका बारीक तपशील क्वचितच शिल्लक असतो, त्यामुळे रेझोल्यूशनवर मी फारसा जीव टाकत नाही.

खरा प्रश्न काळ्या रंगाचा आहे. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. पडद्यावर जिथे प्रकाश पडत नाही, ती जागा आपल्याला काळी दिसते. माझ्या यंत्रासारख्या स्वस्त एलसीडी प्रोजेक्टरात मागचा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे पॅनेल तो पूर्णपणे अडवू शकत नाही. परिणामी काळ्या रात्रीची राखाडी संध्याकाळ होते. विनोदी किंवा कौटुंबिक चित्रपटात हे खटकत नाही. रहस्यपटात मात्र अर्धी कथा अंधारातच घडत असते.

पहिल्याच शनिवारी मी ‘महल’ (१९४९) लावला आणि तिथेच हिरमोड झाला. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट; छायाचित्रण बॉम्बे टॉकीजमध्ये काम केलेल्या योसेफ वीर्शिंग या जर्मन छायालेखकाचे. त्या वाड्यात प्रकाश मोजून मापून वापरलेला आहे आणि बाकी सगळी काळोखाची कामगिरी आहे. माझ्या भिंतीवर तो काळोख पातळ ताकासारखा दिसत होता. चूक निम्मी यंत्राची आणि निम्मी माझी होती. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत येत होता, पांढऱ्या भिंती आणि छत पडद्यावरचा प्रकाश परत पडद्यावरच फेकत होते, आणि पडदा म्हणून लावलेल्या एकेरी चादरीतून निम्मा उजेड पलीकडे निघून जात होता.

यावर उपाय सापडला तो सोलापुरी. घरातली सगळ्यात जाड, गडद लाल जेकार्ड चादर खिडकीवर टांगली आणि दुसरी तशीच चादर पांढऱ्या पडद्याच्या मागे लावली. जेकार्डच्या दुहेरी विणीतून उजेड आरपार जात नाही. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गडद निळे टेरी टॉवेल अडकवले. त्याने परत येणारा प्रकाश कमी झाला आणि मोकळ्या खोलीतला आवाजाचा घुमाराही बराच बसला. महिन्याभराने ‘महल’ पुन्हा लावला तेव्हा काळा रंग अजूनही कोळशासारखा नव्हता, पण पाटीसारखा तरी झाला होता. यंत्रावर आणखी दहा हजार खर्च करण्याआधी खोलीवर हजारभर रुपये खर्च करावेत, असे माझे ठाम मत या एका प्रयोगावरून झाले आहे.

मात्र याच यंत्रावर बिरेन नाग यांचे दोन चित्रपट अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगले दिसले. ‘बीस साल बाद’ (१९६२) आर्थर कॉनन डॉयल यांच्या १९०२ च्या ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’वरून सुचलेला आहे आणि ‘कोहरा’ (१९६४) डाफ्ने द्यू मोरिए यांच्या १९३८ च्या ‘रिबेका’वरून. दोन्हींत भीतीचा रंग काळ्यापेक्षा राखाडी अधिक आहे: धुके, पाणथळ जमीन, हवेत हलणारे पातळ पडदे. हे यंत्र राखाडीच्या सगळ्या छटा प्रामाणिकपणे दाखवते. त्याला जमत नाही तो फक्त शेवटचा, पूर्ण काळा. त्यामुळे धुक्याचा चित्रपट असेल तर साडेसतरा हजारांचे यंत्र महागड्या यंत्राच्या जवळपास पोहोचते. हे मला कोणत्याही परीक्षणात वाचायला मिळाले नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

पुस्तक आधी की चित्रपट आधी, यावर घरात वाद आहे. माझ्या मते रहस्यकथेच्या बाबतीत चित्रपट आधी पाहावा. डॉयल यांच्या ओसाड माळरानावरच्या कुत्र्याची जागा हिंदी चित्रपटात गाणाऱ्या स्त्रीच्या आकृतीने घेतली, हे नंतर पुस्तक वाचताना अधिक मजेचे वाटते; उलट क्रमाने गेलो तर आपण चित्रपटभर कुत्र्याची वाट पाहत बसतो. अपवाद ‘पाठलाग’चा (१९६४). राजा परांजपे यांचा हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आहे आणि त्याच्यावरूनच राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ केला. कादंबरीची मुखपृष्ठ नसलेली एक प्रत हाती लागली होती म्हणून ती आधी वाचली, मग लागोपाठच्या दोन शनिवारी दोन्ही चित्रपट पाहिले. शेवट माहीत असूनही मराठी चित्रपटातल्या कोर्टाच्या प्रसंगांत आई पदराचे टोक चावत बसली होती. रंगीत ‘मेरा साया’त तिने मुख्यतः साधनाच्या साड्या पाहिल्या.

आता चित्राच्या आकाराविषयी, कारण इथे बहुतेकांची चूक होते. आमच्या यादीतले बहुतेक चित्रपट १.३७ : १ या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेले आहेत. यंत्राची चौकट १६ : ९ ची. माझ्या ८० इंची पडद्याची रुंदी १७७ सेंटिमीटर आणि उंची १०० सेंटिमीटर आहे. त्यात जुने चित्र योग्य प्रमाणात बसवले तर ते १३६ सेंटिमीटर रुंद येते आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. यंत्र दुकानातून येते तेव्हा ‘फुल स्क्रीन’ चालू असते आणि ते चित्र तीस टक्के आडवे ताणते. मधुबालेचा चेहरा तीस टक्के रुंद करणाऱ्या यंत्राला काय म्हणावे! सेटिंगमध्ये जाऊन ४ : ३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडले की काम होते. काही ऑनलाइन प्रती मात्र वरून-खालून कापूनच रुंद केलेल्या असतात. तिथे पात्रांची डोकी छाटलेली दिसली तर दोष यंत्राला देऊ नये.

रंगाचे तापमान ‘वॉर्म’वर ठेवावे, नाहीतर एलईडीच्या निळसर प्रकाशात कृष्णधवल चित्र ट्यूबलाइटखाली धुतल्यासारखे दिसते. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारे ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावे. यंत्र तिरपे ठेवून ‘कीस्टोन’ या सेटिंगने चित्र सरळ करण्यापेक्षा यंत्रच पडद्यासमोर सरळ आणि योग्य उंचीवर ठेवावे. मी त्याखाली जुन्या दिवाळी अंकांची थप्पी ठेवतो. अर्नाळकरांची पुस्तके मापाला अधिक बरोबर बसली असती, पण ते मनाला पटले नाही.

आवाजाबाबत थोडक्यात सांगतो. आतला स्पीकर केवळ नावाला आहे. ब्लूटूथ स्पीकर जोडला तर ओठ आणि शब्द यांची चुकामूक होते. साधी वायर वापरावी. जुन्या चित्रपटांचा आवाज मोनो असल्यामुळे एकच बरा स्पीकर पुरतो, फक्त तो पडद्याच्या खाली ठेवावा. ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यात आवाज दुरून जवळ येत जातो, तो पाठीमागून आला तर सगळीच गंमत जाते.

यंत्राच्या पंख्याचा आवाज मात्र खुपतो. उन्हाळ्यात छताचा पंखा फिरत असतो तेव्हा तो लपतो, पण डिसेंबर-जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, छताचा पंखा बंद असताना ऐन शांत प्रसंगात ही घरघर स्पष्ट ऐकू येते. त्यावर मी डोके चालवले आणि आवाज दबावा म्हणून यंत्राखाली टेरी टॉवेलची घडी ठेवली. हवा आत घेण्याची जाळी बुडाशी होती, हे माझ्या लक्षातच आले नाही. ‘गुमनाम’ (१९६५) सुरू होता, आठ-दहा पाहुणे होते आणि खुनी कोण हे कळायला पाच मिनिटे उरली असताना यंत्र तापून बंद पडले. अर्धा तास ते सुरू झाले नाही. अगाथा ख्रिस्तींचे १९३९ चे मूळ पुस्तक वाचलेला मी एकटाच होतो, पण चित्रपटाने शेवट बदलला आहे की नाही हे सांगायला मी नकार दिला. पाहुणे चिडून घरी गेले.

सोलापूरच्या उन्हाळ्याचे वेगळे सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि स्लॅबखालची खोली रात्री नऊलाही तापलेली असते. त्या दोन महिन्यांत आम्ही साडेदहानंतरच चित्रपट लावला आणि यंत्र ‘इको’वर चालवले, उजेड कमी झाला, पण ते बंद पडले नाही.

सर्वांत मोठी तक्रार धुळीची आहे, आणि ती आमच्या गल्लीपुरती असू शकते. आमच्या मागे यंत्रमाग आहेत. खटखट आवाजाची सवय झाली आहे, पण कापसाची तूस सगळीकडे पोहोचते. दर पंधरा दिवसांनी जाळी रंगाच्या मऊ ब्रशने साफ करतो, तरी दर वेळी तिच्यावर बोटाने उचलता येईल असा पांढरा थर असतो. आतील भाग ‘सीलबंद’ असल्याचे वर्णनात लिहिले होते. सातव्या महिन्यात पडद्याच्या मध्यावर सुपारीएवढा धूसर राखाडी डाग उमटला. हमी एक वर्षाची असल्यामुळे यंत्र दुसऱ्या शहरातल्या सेवा केंद्राकडे पाठवले. तीन आठवड्यांनी ते साफ केल्याच्या पावतीसह परत आले. मध्यावरचा डाग गेला होता. डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात नवा आला होता.

यंत्र परत आल्यावरचा पहिला शनिवार शेजारच्या अण्णांचा होता. अण्णा तेलुगू, उमेदीची सगळी वर्षे यंत्रमागावर गेलेली; त्यांनी ‘मायाबजार’ (१९५७) मागितला. त्याची २०१० मध्ये रंगीत केलेली प्रतही निघालेली आहे. ती दहा मिनिटे पाहून त्यांनी हात हलवला आणि मूळ कृष्णधवल लावायला सांगितले. घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव एकट्याने लग्नाचे जेवण फस्त करू लागले तेव्हा अण्णा पडद्याकडे बोट दाखवून लहान मुलासारखे हसत होते.

“अण्णा, त्या कोपऱ्यातला डाग दिसतोय का हो?” मी विचारले.

“कुठला डाग?” ते म्हणाले.

मी उठून जवळ जाऊन पाहिले. डाग पडद्याच्या डाव्या कडेपासून बारा सेंटिमीटरवर आहे. जुन्या चौकोनी चित्रात तेवढी जागा बाजूच्या काळ्या पट्टीत जाते, म्हणून तो दिसत नाही. नवा रुंद चित्रपट लावला की दिसतो. हमी संपायला अजून दोन महिने आहेत, पण यंत्र पुन्हा पाठवायचा विचार मी सोडून दिला आहे.