ताव, घडी आणि नोंदवही : पणजीतली दोन दिवसांची कार्यशाळा

आमच्या म्हापशाच्या घरात ट्रेडल छपाईयंत्र होतं. बाबा लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, नाटकांच्या जाहिराती छापायचे. ते गेल्यावर आईने तोच छापखाना अकरा वर्षं चालवला. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला मी शाळेत असतानाच शिकले, आणि आता पुस्तकांची प्रुफं तपासते. त्यामुळे ‘शेक्सपिअरच्या काळातला इंग्लंडचा पुस्तकधंदा, हाताने करून पाहा’ अशी जाहिरात फोनवर आली तेव्हा फार विचार न करता नाव दिलं. शनिवार-रविवार, पणजीच्या फोंतेन्हास भागातलं एक जुनं घर, फी १,८०० रुपये, त्यात सामान आणि दुपारचं जेवण. आम्ही बाराजण होतो.

सुरुवात मला मनापासून आवडली. शिकवणाऱ्या सरांनी भाषण केलंच नाही. प्रत्येकापुढे कागदाचा एक मोठा छापील ताव ठेवला. एका बाजूला चार पानं, दुसऱ्या बाजूला चार, त्यातली निम्मी डोक्यावर उभी. “घालून बघा घडी,” एवढंच म्हणाले. एकदा मधोमध, मग त्याच्या आडवी, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची आणि वरची जोडलेली कड सुरीने मोकळी करायची. पानं उलटली तर १ ते ८ ओळीने हजर. माझ्या शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने तीन ताव चुकवले, चौथा जमला तेव्हा तो उठून सगळ्यांना दाखवून आला. पानाच्या तळाशी ए, ए२ अशी खूण होती, बांधणाऱ्यासाठी. आणि उजव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच छापलेला, म्हणजे क्रम चुकला तर लगेच डोळ्यांत यावं. एक घडी म्हणजे फोलिओ, दोन म्हणजे क्वार्टो, तीन म्हणजे ऑक्टाव्हो. बाबांच्या तोंडी रोज असणारं ‘डेमी एक अष्टमांश’ ते हेच, हे मी त्या मुलाला समजावलं तेव्हा सरांनी विचारलं, “ताई, तुम्ही छापखान्यातल्या की काय?” त्यानंतर दोन्ही दिवस खिळ्यांची केस माझ्याच ताब्यात होती.

दुपारी धंद्याची गोष्ट. लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला, म्हणजे पुस्तकं छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाला, १५५७ मध्ये राणी मेरी आणि फिलिप यांची सनद मिळाली आणि छपाईचा धंदा कंपनीच्या सभासदांच्या हाती आला. कंपनीची एक नोंदवही होती. पुस्तकाचं नाव त्या वहीत ज्याच्या नावाने चढलं, ते पुस्तक त्याचं. तो ते विकू शके, गहाण टाकू शके, बायकोच्या नावे ठेवू शके. लिहिणाऱ्याचा त्यात संबंध नाही. दुकानांची दाटी सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात, प्रत्येकावर चिन्हाची पाटी, आणि पुस्तक कुठल्या पाटीखाली मिळेल ते पुस्तकाच्या नावाच्या पानावरच छापलेलं. पुस्तकं बहुतेक सुटी किंवा नुसती टाचलेली विकली जायची, बांधणी ज्याची त्याने करून घ्यायची. १५८६ च्या हुकुमाने लंडनबाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला एकेक प्रेस ठेवायची मुभा राहिली. १५८७ चा कंपनीचा नियम तर मी वहीत चौकट करून उतरवून घेतला : एका जुळणीतून साधारण १,२५० ते १,५०० च्याच प्रती काढायच्या. पुढच्या प्रती हव्यात तर खिळे पुन्हा जुळवा. जुळाऱ्यांच्या पोटासाठी केलेला नियम! असा नियम आमच्या वेळी कुणाच्या डोक्यात आला नाही.

विधवांचा भाग सरांनी पाच मिनिटांत उरकला, ते मला लागलं. कंपनीच्या रिवाजाप्रमाणे सभासदाची विधवा धंदा पुढे चालवू शकत होती. जॅकलिन वोत्रोलिए या बाईंनी १५८७ मध्ये नवरा वारल्यावर छापखाना सांभाळला, मग त्याच छापखान्यात शिकलेल्या रिचर्ड फील्डशी लग्न केलं, आणि त्या फील्डने १५९३ मध्ये शेक्सपिअरचं पहिलं छापील काव्य काढलं. आई ट्रेडलवर उभी असायची आणि गिऱ्हाईक दारातून विचारायचं, “मालक खंय?” मला या बाईंबद्दल अर्धा तास ऐकायला आवडलं असतं. त्यापेक्षा शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओवर दीड तास गेला. ३६ नाटकं, त्यातली १८ त्याआधी कधीच छापलेली नव्हती, हे महत्त्वाचं खरंच, पण ते कुठेही वाचायला मिळतं.

फोलिओतली एक गोष्ट मात्र मनात राहिली. छपाई चालू असतानाच कुणी प्रूफ वाचून चूक काढायचा, मशीन थांबवून खिळा बदलायचा, पण आधी छापलेले चुकीचे ताव टाकून देत नसत. कागद महाग, बहुतेक फ्रान्सहून येणारा. चुकीचे आणि सुधारलेले ताव एकत्रच बांधले जात, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या सापडत नाहीत. बाबांनी एकदा तीनशे पत्रिकांमध्ये नवरीच्या आजोबांचं नाव चुकलेलं पाहिलं तेव्हा निम्म्या छापून झाल्या होत्या. त्यांनी त्या बंबात घातल्या आणि स्वतःच्या पैशाने नवा कागद आणला. लंडनचा हिशेब मला समजतो, पण मी बाबांच्याच बाजूची.

रविवारी पैशांचा विषय निघाला. कवी मिल्टनने १६६७ मध्ये ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे काव्य छापणाऱ्या सॅम्युअल सिमन्सला दिलं ते हातात ५ पौंड घेऊन. १,३०० प्रती खपल्यावर आणखी ५. त्याच्या विधवेने १६८० मध्ये उरलेले सगळे हक्क ८ पौंडांना सोडले. हे ऐकताना माझे कान तापले. काही वर्षांपूर्वी मी मुलांसाठी गोष्टींचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. प्रकाशकाने एकरकमी पैसे दिले, मी कागद न वाचता सही केली. पुढे एका ग्रंथप्रदर्शनात त्याची तिसरी आवृत्ती मांडलेली दिसली. मला कुणी कळवलंही नव्हतं, प्रत मी विकत घेतली. इंग्लंडमध्ये लिहिणाऱ्याचं नाव कायद्यात यायला १७१० उजाडलं. राणी ॲनच्या त्या कायद्याने नव्या पुस्तकाला १४ वर्षं, आणि लेखक हयात असेल तर आणखी १४ वर्षं हक्क दिला. तो भाग सरांनी अगदी नीट, घाई न करता सांगितला. लिहिणाऱ्या कुणीही तेवढ्यासाठी जावं.

आता माझी खरी तक्रार. पणजीत बसून दोन दिवस छपाईवर बोलायचं आणि गोव्याचा एक शब्द नाही, हे कसं चालेल? लंडनच्या सनदेच्या एक वर्ष आधी, १५५६ मध्ये, ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेला छापखाना इथे राहिला आणि सेंट पॉल कॉलेजात छपाई सुरू झाली. तिकडे सेंट पॉलचं आवार, इकडे सेंट पॉलचं कॉलेज. १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये राणी एलिझाबेथच्या लग्नाविरुद्ध पुस्तिका लिहिली म्हणून जॉन स्टब्जचा उजवा हात तोडला, प्रकाशकाचाही तोडला, छापणाऱ्याला तेवढी माफी मिळाली. ज्या देशात स्टीफन्सच्या कॅथलिक पंथाची पुस्तकं चोरून छापावी लागत, तिथला हा माणूस इथे मराठीत दहा हजारांवर ओव्या रचतो आणि १६१६ मध्ये ते ख्रिस्तपुराण राशोलला रोमन लिपीत छापलं जातं. परवानगी इथेही धर्मखात्याची लागायचीच. पुढे गोव्यातली छपाई बंद पडली ती १८२१ मध्ये सरकारी छापखाना येईपर्यंत. हे सगळं मी चहाच्या वेळी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून टिपून घेतलं, पुढच्या वेळी घालतो म्हणाले. घालावंच.

बांधणीचं सत्र चांगलं, पण वेळ चुकीची. जुजबंदी, म्हणजे घड्या दोऱ्याने शिवून जोडणं, सुरेख शिकवली, दोऱ्याची गाठ कुठे घ्यायची ते प्रत्येकाच्या शेजारी बसून दाखवलं. पण भर आषाढात पुठ्ठा चिकटवून संध्याकाळी घरी न्यायचा म्हणजे काय होणार! कदंबच्या बसमध्ये मांडीवर ठेवलेली माझी वही म्हापशाला पोचेपर्यंत वाकली होती. घरी मैद्याची खळ करून, त्यात चिमूटभर मोरचूद घालून पुठ्ठा पुन्हा बसवला आणि तीन दिवस पाट्याखाली दाबून ठेवला, तेव्हा सरळ झाला. बांधणी पहिल्या दिवशी सकाळी घ्यावी आणि रात्रभर तिथेच शिकंजात दाबून ठेवावी, एवढं सोपं आहे.

जेवणात खतखतें (आमची मिश्र भाजी) आणि सोलकढी होती, दोन्ही उत्तम. पाचपैकी चार. पुढची तुकडी चतुर्थीनंतर आहे, तोपर्यंत पाऊसही ओसरलेला असेल. जाताना जुना सुती दोरा घेऊन जा, तिथला नायलॉनचा आहे आणि तो ताव कापतो.