एडीएचडीवर औषधाशिवाय काय काय? वेळ आणि पैसा कुठे घालायचा हे ठरवताना

मुलाला एडीएचडी (लक्ष न लागणं, चंचलपणा आणि उतावीळपणा) आहे असं निदान हातात पडलं की आठवडाभरात घरात उपायांची रांग लागते. कुणी ब्रेन मॅपिंगचं सेंटर सुचवतं, कुणी माशाच्या तेलाच्या गोळ्या, कुणी अबॅकस, आणि आजी म्हणते आधी साखर बंद करा. सगळं एकदम सुरू करायला ना पैसा पुरतो ना संध्याकाळ. म्हणून प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा: मूल जिथे अडतं, ज्या क्षणी अडतं, तिथे हा पोचतो का? काय करायला हवं हे या मुलांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. ऐन वेळी ते हातून होत नाही. मंगळवारी सेंटरच्या खुर्चीत कमावलेली एकाग्रता गुरुवारी गणिताच्या तासाला उपयोगी पडेलच असं नाही. या कसोटीवर महागातले बरेच पर्याय मागे पडतात.

वय आधी बघा. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं पालक-प्रशिक्षणालाच, म्हणजे मुलाशी कसं वागायचं हे पालकांना शिकवण्याला, पहिला मान देतात. सहाच्या पुढे औषध आणि वर्तनाचे उपाय दोन्ही सुचवलेले आहेत. यामागे १९९९ साली प्रसिद्ध झालेला ५७९ मुलांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास आहे. चौदा महिन्यांनंतर चंचलपणा आणि लक्ष न लागणं यांवर, नीट मात्रा बसवलेलं औषध नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही मिळालेल्या मुलांचं कमी मात्रेत भागलं. म्हणजे औषधाशिवायच्या उपायांकडून ‘चुळबुळ थांबेल’ ही अपेक्षा ठेवू नये. सकाळी बस न चुकणं, गृहपाठ पुरा होणं, घरातली आदळआपट कमी होणं, एवढं त्यांच्याकडून मिळू शकतं, आणि ते थोडं नाही.

पालक-प्रशिक्षण की शाळेचं कार्ड?

खरी निवड या दोघांत आहे: पालकांना शिकवणं, की बाईंनी वर्गातल्या वागण्याच्या खुणा करून रोज घरी पाठवायचं कार्ड. भांडण मुख्यतः घरात असेल तर पहिलं, शाळेतून रोज तक्रार येत असेल तर दुसरं.

पालक-प्रशिक्षण साधारण आठ ते बारा आठवडे, आठवड्याला एक बैठक असं चालतं. समुपदेशक मुलाला आत घेऊन पाऊण तास बसतात आणि पालक बाहेर मोबाइल बघतात, असं असेल तर ते पालक-प्रशिक्षण नव्हे. मुलाशी नुसत्या गप्पा मारून किंवा चित्रं काढून घेऊन एडीएचडीची लक्षणं हलत नाहीत. फी भरण्याआधी विचारा: दर आठवड्याला घरी करायचं काम लिहून मिळणार का, आणि पुढच्या वेळी त्याचा हिशेब घेणार का?

शिकवण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी रोज पंधरा मिनिटांचा खास वेळ: खेळ मूल निवडणार, मोठ्यांनी ना शिकवायचं, ना प्रश्न विचारायचे, ना हुकूम सोडायचा, मूल काय करतंय तेवढं बोलत राहायचं. मग नेमकं कौतुक, मग सूचना देण्याची पद्धत, मग गुण आणि बक्षिसं. शिक्षा सगळ्यात शेवटी. आपल्या बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो.

सूचनेचंच बघा. कुकरच्या शिट्टीवरून आवाज चढवून, ओट्यापाशी उभं राहून, ‘किती वेळा सांगायचं, कपडे बदल, दप्तर लाव, हात धू आणि अभ्यासाला बस!’ या एका वाक्यात चार कामं आहेत आणि ऐकणाऱ्याचं तोंड टीव्हीकडे आहे. त्याऐवजी टीव्ही बंद करून हाताच्या अंतरावर जा, नाव घ्या, एकच काम सांगा: ‘मोजे काढून टोपलीत टाक.’ मग मनात पाच अंक मोजा, मध्ये बोलू नका. काम झालं की लगेच, ‘सांगितल्याबरोबर टोपलीत टाकलेस’. ‘शाब्बास, गुणी बाळ’ याने काय बरोबर झालं ते कळत नाही.

हे बिघडतं ते ठरावीक जागी. हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलं की पहिले काही दिवस हट्ट वाढतो, हे आधी माहीत हवं. चौथ्या दिवशी कंटाळून मोबाइल हातात दिला तर मूल एवढंच शिकतं की चार दिवस ओरडावं लागतं. दुसरं, बक्षीस लांबचं असतं. ‘वार्षिक परीक्षेत नंबर काढ, सायकल घेऊ’ याचा या मुलांवर काडीचा परिणाम होत नाही. आज संध्याकाळचा कॅरमचा डाव चालतो. यादी दोन-तीन आठवड्यांत शिळी होते, ती बदलत राहावी. कमावलेले गुण सुरुवातीलाच दंड म्हणून कापू नयेत. खातं उणे गेलेलं मूल खेळच सोडतं. आणि घरात आजी-आजोबा असतील तर एखाद्या बैठकीला तेही हवेत, नाहीतर आईने नाकारलेलं चॉकलेट पाचव्या मिनिटाला देवघरापाशी मिळतं.

शाळेचं कार्ड पोस्टकार्डाएवढं असतं. त्यावर तीन ते पाच ध्येयं, मोजता येतील अशी:

‘सांगितल्यापासून दोन मिनिटांत वही उघडली.’
‘तासाला न विचारता सहापेक्षा जास्त वेळा उठलं नाही.’
‘फळ्यावरचा गृहपाठ डायरीत पूर्ण उतरवला.’

सहा ही संख्या लाडाने आलेली नाही. आधी आठवडाभर नुसतं मोजायचं. मूल तासाला आठदा उठत असेल तर ध्येय शून्य ठेवून उपयोग नाही. पाचांपैकी चार दिवस जिंकता येईल असा आकडा ठेवायचा आणि तो हळूहळू खाली आणायचा. बाईंचं काम एवढंच की तास संपला की बरोबर किंवा चूक अशी खूण करायची, दहा सेकंदांचं. तरी पन्नास-साठ मुलांच्या वर्गात आठही तासांची मागणी करू नका. सगळ्यात अडचणीचे दोन तास निवडा. घरी ठरलेल्या खुणा भरल्या तर त्याच संध्याकाळी बक्षीस, नाही भरल्या तर बक्षीस नाही आणि बोलणंही नाही. कार्ड हरवलं तरी हाच नियम. हे पाळलं नाही तर दोन आठवड्यांत कार्डाची तक्रारवही होते आणि मग ते रोजच हरवू लागतं. ‘वर्गात लक्ष नसते’ या डायरीतल्या शेऱ्यापेक्षा कार्ड सरस ते यासाठी की शेरा वाचून दुसऱ्या दिवशी काय वेगळं करायचं हे ना मुलाला कळतं ना पालकांना.

कार्डासोबत खिडकी-दारापासून दूर, पुढचा बाक मागून घ्या. परीक्षेतल्या सवलतींचं गणित वेगळं आहे: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. वाचन-लेखनातही अडचण असेल तर ती तपासणी जरूर करून घ्यावी.

औषध आधी की हे आधी, यावर २०१६चा अमेरिकेतला १४६ मुलांचा अभ्यास कामाचा आहे. वर्तनाच्या उपायांनी सुरुवात केलेल्या मुलांकडून वर्गातले नियम कमी मोडले गेले. औषधाने सुरुवात झालेल्या घरांतले पालक मात्र नंतर प्रशिक्षणाला फारसे फिरकलेच नाहीत.

यंत्रं आणि खेळ

न्यूरोफीडबॅकमध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवतात, हव्या तशा आल्या की खेळ पुढे सरकतो. तीस-चाळीस सत्रं, आठवड्याला दोन-तीन. म्हणजे तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी आणि घसघशीत बिल. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ ते १० वर्षांची १४४ मुलं होती. काहींना ३८ सत्रांपर्यंत खरा उपचार मिळाला, काहींना हुबेहूब तसाच दिसणारा खोटा. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात फरक निघाला नाही. ‘आमच्या मुलाला फायदा झाला’ असं सांगणारे पालक खोटं बोलत नाहीत. नियमित वेळ, शांत खोली, कौतुक करणारा मोठा माणूस याचा फायदा होतोच. तोच फायदा पंधरा मिनिटांच्या खास वेळात फुकट मिळतो.

स्मरणशक्तीच्या संगणकी खेळांनी मूल त्या खेळात तरबेज होतं, गृहपाठात नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२० मध्ये ८ ते १२ वर्षांसाठी एका व्हिडिओ गेमला परवानगी दिली, पण ती संगणकावरच्या लक्ष-चाचणीतल्या सुधारणेवर. चंचलपणा कमी होईलच असं नाही, हे तिथेच म्हटलेलं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ला तर या तुलनेत जागाच नाही.

ताट

साखरेवरचा आळ खोटा आहे. कुणाला साखर दिली हे कुणालाच माहीत नसताना केलेल्या चाचण्या १९९५ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या, वागण्यात फरक सापडला नाही. दातांसाठी कमी करा, एडीएचडीसाठी नको. कृत्रिम रंगांचं थोडं वेगळं: २००७च्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासात काही मुलांची चुळबुळ किंचित वाढली, आणि २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पाकिटावर इशारा छापतात. आपल्याकडे पाकिटावर आयएनएस (खाद्यपदार्थांत घातलेल्या रंग-रसायनांचे क्रमांक) १०२, ११०, १२२, १२४ हे आकडे शोधा. दोन-तीन आठवडे बंद करून बघायला खर्च नाही. सुट्या मिठाईला आणि रंगीत बडीशेपेला लेबल नसतं, तेवढं ध्यानात ठेवा.

माशाच्या तेलातल्या ओमेगा-३चा फायदा दिसला तरी अगदी थोडा. ब्रिटनची उपचारांचे नियम ठरवणारी संस्था नाइस २०१८च्या सल्ल्यात ते देऊ नका म्हणतं. मोजकेच पदार्थ ठेवून बाकी सगळं वगळणारा आहार आहारतज्ज्ञाशिवाय नको, आधीच किडकिडीत मुलाला तर नाहीच. त्यापेक्षा रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी असू शकतं. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र नकोत.

झोप आणि पळापळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ऑस्ट्रेलियातल्या २४४ मुलांच्या २०१५च्या चाचणीत झोपेविषयी दोन भेटी आणि एक फोन एवढ्यावर एडीएचडीची लक्षणं थोडी उतरली. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. मूल अकरापर्यंत टक्क जागं असेल तर नऊला दिवा घालवून तासभर कुस्ती करू नका. पावणेअकराला झोपवा आणि दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

वीस-तीस मिनिटं दमवणारा खेळ लक्षाला मदत करतो, पण त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. म्हणून तो गृहपाठाच्या लगेच आधी हवा, जेवल्यावर नाही. योगाचे पुरावे तोकडे आहेत. मुलाला आवडत असेल तर जरूर. गृहपाठ झाला नाही म्हणून मैदान बंद करणं ही मात्र पायावर धोंडा पाडून घेणारी शिक्षा आहे.

एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. सुरू करण्याआधी आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहा: हाक मारल्यापासून अभ्यासाला बसेपर्यंत किती मिनिटं, आणि दिवसात किती वेळा आवाज चढला (तुमचाही धरून). आठ आठवड्यांनी तेच आकडे परत बघा. हलले नसतील, किंवा मधल्या काळात मूल रस्त्यावर न बघता धावत सुटत असेल, ‘मी वाईटच आहे’ म्हणायला लागलं असेल, तर थांबू नका. कॅलेंडरची ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि औषधाचं बोलणं तिथून सुरू करा.