मँटलच्या सहीच्या बॉलपायी १,४४९ डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

शांत झाल्यावर लिहीन म्हणत होते, पण तोवर बॉल विकणारा तो माणूस अजून चार जणांना गंडवेल म्हणून रागातच लिहितेय.

आम्ही न्यू जर्सीत असतो. नवऱ्याला न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल संघाचं वेड, आणि त्या संघाचा जुना खेळाडू मिकी मँटल म्हणजे त्याचं दैवत. साठावा वाढदिवस होता, म्हटलं या वेळी घड्याळ-बिड्याळ नको, मँटलने सही केलेला बॉल देऊ. आत्ताच्या खेळाडूंचं त्यातल्या त्यात बरं आहे, २००१ पासून मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचा, स्वतःचा प्रोग्राम आहे, त्यात सही होताना त्यांचा माणूस समोर हजर असतो आणि मगच खरेपणाचा होलोग्राम स्टिकर लागतो. मँटल १९९५ मध्येच गेला. त्याच्या बहुतेक सह्यांचं सगळं काम कागदावर आणि अक्षर ओळखणाऱ्यांच्या शब्दावर चालतं, आणि तिथेच हे लोक घुसतात.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो, म्हणजे खेळाडूंची कार्डं आणि सह्या केलेल्या वस्तू विकण्याचं प्रदर्शन होतं, तिथला हा विक्रेता. बोलायला एकदम सभ्य. म्हणे माझे वडील १९९१ मध्ये मँटलच्या रेस्टॉरंटमध्ये गेले होते, तिथे त्याने स्वतः सही करून दिली. मॅनहॅटनमध्ये सेंट्रल पार्क साउथवर त्याचं रेस्टॉरंट खरंच होतं, १९८८ ला उघडलेलं, मी उभ्या उभ्या फोनवर बघितलं. बॉल पांढराशुभ्र, सही निळ्या बॉलपेनने, स्वीट स्पॉटवर म्हणजे जिथे शिवणी सगळ्यात जवळ येतात तिथे. सोबत सह्या तपासणाऱ्या एका कंपनीचं सर्टिफिकेट, स्टिकरवर नंबर, आणि 'किंमत २,४०० डॉलर' असं लिहिलेलं व्हॅल्युएशन लेटर. तो १,४०० म्हणाला, मी घासाघीस करून १,१५० वर आणलं. नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकला, तर आलं की! मिकी मँटल, सही केलेला बेसबॉल. अजून काय करायचं असतं माणसाने?

आणि इथेच, इथेच ते दिसायला हवं होतं. साइटवर त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं, अमेरिकन लीग बॉल, बॉबी ब्राऊन. मी ते वाचलं. हातातल्या बॉलवर 'ऑफिशियल मेजर लीग बेसबॉल' आणि बड सेलिगच्या सहीचा शिक्का होता, तोही वाचला. मिनिटभरात दोन्ही डोळ्यांखालून गेलं आणि मला वाटलं बॉबी ब्राऊन हा कोणी आधीचा मालक असेल. आता माहितीये की तेव्हा मेजर लीगमधल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगचे बॉल वेगळे असायचे आणि त्यावर त्या त्या लीगच्या अध्यक्षाच्या सहीचा शिक्का असायचा, बॉबी ब्राऊन १९८४ ते १९९४ अमेरिकन लीगचा अध्यक्ष होता, आणि दोन्हींना मिळून एकच बॉल, त्यावर मेजर लीगचा प्रमुख म्हणजे कमिशनर सेलिग, हे २००० पासून सुरू झालं. म्हणजे मँटल जाऊन पाच वर्षं झाल्यावर निघालेल्या बॉलवर मँटलची सही! आणि १९९१ ची गोष्ट! झोप लागत नाही आठवलं की. पण मला सांगा, क्रिकेट बघत वाढलेल्या बाईला लीगच्या अध्यक्षांची नावं कुठून पाठ असणार? सर्टिफिकेटचा नंबर खरा होता, फक्त दुसऱ्याच कोणाच्या बॉलचा होता. त्यामुळे नुसता नंबर लागतोय यावर जाऊ नका, साइटवर फोटो असेल तर सही अक्षर न् अक्षर जुळवा, नसेल तर वर्णनातला प्रत्येक शब्द बॉलवर शोधा.

पैसे देताना म्हणाला कार्डचं मशीन चालत नाहीये, अ‍ॅपवरून 'फ्रेंड्स अँड फॅमिली' करून पाठवा, फी वाचेल. बॉलचे १,१५० आणि वर काचेच्या केसचे ८५. त्या पर्यायाने पाठवलं की खरेदीचं संरक्षण मिळत नाही. अनोळखी माणसाला असे पैसे कधीही, कधीही पाठवू नका. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर निघा तिथून.

घरच्या विम्यात घालायचा म्हणून नवीन लेटर मागितलं गेलं, बॉल तपासायला पाठवला, फी आणि विम्यासकट पोस्टेज २१४ डॉलर. उत्तर आलं, सही खरी नाही. एकूण १,४४९.

मग सुरू झालं खरं. पोलिसांकडे गेले तर काउंटरवरच्या माणसाने बॉलकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणे ही सिव्हिल मॅटर आहे, म्हणजे पोलिसांचं नाही, दिवाणी कोर्टाचं काम. अहो, दुसऱ्याचा नंबर छापून खोटं सर्टिफिकेट बनवणं ही सिव्हिल मॅटर? राज्याच्या ग्राहक खात्याने लांबलचक फॉर्म भरून घेतला आणि विक्रेत्याचा रजिस्टर्ड पत्ता मागितला, तो माझ्याकडे असता तर मीच नसते का गेले? फेडरल तक्रारीच्या साइटवरून आपोआप येणारी ईमेल आली, त्यापुढे माणूस म्हणून कोणी नाही. पेमेंट अ‍ॅप म्हणतं तुम्ही स्वतःच पाठवलेत, बँक म्हणते अ‍ॅपला विचारा. शो भरवणारे म्हणतात आम्ही फक्त टेबल भाड्याने देतो. प्रत्येकजण नम्रपणे बोलतो आणि प्रत्येकजण पुढच्याचं दार दाखवतो. याच देशात एफबीआयने नव्वदच्या दशकात ऑपरेशन बुलपेन नावाने खोट्या सह्यांची टोळी पकडली होती, त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले होते. तेव्हा जमत होतं ना? आता हजार-दीड हजाराच्या फसवणुकीला कोणी हात लावत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर किंमत तेवढीच ठेवतात.

अजून एक, विकणाऱ्याने स्वतः दिलेल्या व्हॅल्युएशन लेटरला कागदाचीही किंमत नाही. लोक मागतात ती किंमत बघू नका, लिलावात प्रत्यक्षात विकले गेले ते आकडे बघा. संघातल्या सगळ्यांच्या सह्या असलेला बॉल असेल तर अजून सांभाळून, मोठ्या खेळाडूंच्या वतीने बॅटबॉय (खेळाडूंच्या बॅटी सांभाळणारी मुलं) वगैरे सह्या करायचे हे जुनं आहे. गोष्ट जितकी गोड तितका पुरावा मागा, फोटो, पावती, काहीतरी. भारतात सह्या केलेल्या बॅट घेणाऱ्यांनीही नंबरची ही युक्ती लक्षात ठेवा.

नवऱ्याला सगळं सांगितलंय, तो काही बोलला नाही, त्याचाच जास्त त्रास होतोय. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात कोणाला सेलिगच्या शिक्क्याच्या बॉलवर मँटल, आणि सोबत वडिलांची रेस्टॉरंटची गोष्ट ऐकायला मिळाली, तर पैसे देऊ नका, स्टिकरचा आणि टेबलाचा फोटो काढा आणि मला कळवा. दोन-तीन जणांच्या तक्रारी एकत्र घेऊन गेलो तर ही सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवणं त्यांना इतकं सोपं जाणार नाही.