घरासाठी ड्रिल: वायरची की बॅटरीची?

पडद्याचा रॉड किंवा एखादं शेल्फ लावायचं एवढंच काम असेल, तर बॅटरीची ड्रिल घ्या. स्टुलावर चढल्यावर पायात अडकणारी वायर नसते, आणि हातात २३० व्होल्टऐवजी १२ किंवा १८ व्होल्टचं यंत्र असतं. काँक्रीटच्या बीममध्ये बरीच भोकं पाडायची असतील, तर मात्र वायरची हॅमर ड्रिलच (फिरता फिरता ठोके देणारी) लागते. तिथे लहान ड्रिल जोर लावून रेटली की बिट (भोक पाडणारं पातं) अडकतं आणि मनगटाला जोरात हिसका बसतो.

वायरच्या ड्रिलमध्ये आधी मुठीपाशी बघा. माझ्या ड्रिलची वायर तिथेच वाकून वाकून तडकली होती, आतली तांब्याची तार दिसत होती. अशा वेळी टेप गुंडाळून काम भागवू नका, वायरच बदलून घ्या. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवीच.

बॅटरीची काळजी चार्जिंगच्या वेळी. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली लिथियम बॅटरी चार्जरला लावूच नका. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर नाही. आणि बिट बदलताना बॅटरी काढा! वायर नसली की यंत्र ‘चालू’ आहे हेच लक्षात राहत नाही, आणि बोट ट्रिगरवर पडतं.

भिंतीत दडलेल्या वायरीचा धोका दोघींना सारखाच. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नका. पण बॅटरीच्या ड्रिलने घराचा मेन स्विच बंद करून काम करता येतं, म्हणून माझं मत तिलाच.