आमच्या पाइप कारखान्याचं ट्रेनिंग किट: साडेतीन स्टार

जळगाव एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाइपचं युनिट. नव्या पोरांच्या ट्रेनिंगसाठी माझी जुनी पीपीटी होती ६४ स्लाइडची. दुसऱ्या पाळीची मंडळी दहाव्या स्लाइडलाच पेंगायची. म्हणून गावातल्याच एका छोट्या डिझाइन स्टुडिओला नवं किट बनवायचं काम दिलं.

त्यांची पोरगी दोन दिवस एक्सट्रूडरपाशी, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनपाशी, उभी राहिली, तिथेच मी निम्मा जिंकलो. परदेशी हेल्मेटवाल्यांचे विकतचे फोटो नाहीत. आमचंच मशीन, आमचाच लाल इमर्जन्सी स्टॉप. डाय (पाइपला आकार देणारा साचा) साफ करण्याचं पोस्टर तर झकास: पहिल्या चौकटीत मेन स्विचला कुलूप, दुसरीत किल्ली ऑपरेटरच्याच खिशात, खाली अहिराणीत एकच ओळ, ‘पहिले कुलूप, मंग हात’. मशीनचं बॅरल, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणारी नळी, १८० अंशांच्या आसपास तापलेलं असतं हो, तिथे परिच्छेद कोण वाचणार?

घोळ फॉन्टचा. पहिल्या छपाईत जोडाक्षरं फुटली, ‘सुरक्षा’चं ‘सुरक्‌षा’ झालं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं जुळवणारी सेटिंगच चालू नव्हती. दुसरी छपाई त्यांनी फुकट करून दिली, पण अकरा दिवस गेले. चकचकीत लॅमिनेशन मात्र घेऊ नका, ट्यूबलाइटखाली नुसता आरसा होतो.