शनिवारचा तत्त्वज्ञानाचा वर्ग: महिना सहाशे, तात्पर्य मिळणार नाही

ठाण्यात नौपाड्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सव्वापाच मुलांसाठी तत्त्वज्ञानाचा वर्ग भरतो. चौथी ते सातवीची मुलं, बॅच सोळा जणांची, फी महिन्याला ₹600, वहीचे ₹120 वेगळे. वर्गाचं नाव देत नाही, कारण बॅच भरलीय आणि ‘आता कुणाला पाठवू नका’ असं शिकवणाऱ्या ताईंनी आम्हा पालकांना बजावलंय. पण असे वर्ग आता इतरही ठिकाणी निघतायत, आणि ‘मुलांना तत्त्वज्ञान? ते कशाला?’ हे मला ऑफिसात, माहेरी, लिफ्टमध्ये विचारून झालंय. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी लोकांची जीएसटी रिटर्न्स भरून पोट भरते. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजात आर्ट्सच्या मैत्रिणी तर्कशास्त्र घ्यायच्या, स्कोअरिंग आहे म्हणून. मुलीला इथे घातलं ते नवऱ्याच्या हट्टाने. अ‍ॅबॅकस झालं, वैदिक गणित झालं, आता हे, अशा मनाने मी पहिले पैसे भरले.

हॉलमध्ये बाकं नाहीत. सतरंजीवर गोल करून बसायचं. ताई एखादी छोटी गोष्ट वाचतात किंवा मधोमध एखादी वस्तू ठेवतात. मग मुलांनी प्रश्न काढायचे. प्रत्येक प्रश्न फळ्यावर, शेजारी विचारणाऱ्याचं नाव. हात वर करून मतदान, आणि जो प्रश्न निवडून येईल त्याच्यावर उरलेला वेळ बोलायचं. ही पद्धत आपली नाही हे ताई स्वतःच सांगतात. मॅथ्यू लिपमन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवायचे. पोरं कॉलेजात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो असं त्यांचं मत बनलं, आणि 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात त्यांनी यासाठी संस्थाच काढली. ताईंच्या वर्गातले नियम थोडके आहेत: दुसऱ्याचं खोडायचं तर आधी त्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं, कारण द्यायचं, आणि मत बदललं तर खुशाल बदललं म्हणायचं. ताईंना आणखी एक नियम आहे, उत्तर द्यायचं नाही. तो पाळणं सगळ्यात अवघड जातं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकांना मागे खुर्चीवर बसू देतात, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर. त्यातले दोन तास सांगते, म्हणजे पैसे कशाचे जातात ते कळेल.

एकदा विषय होता न्यायदर्शनातलं, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्रातलं, जुनं उदाहरण: डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग असणार, स्वयंपाकघरात असते तशी. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे अनुमानाच्या पायऱ्यांचे पाच शब्द फळ्यावर आलेच नाहीत. नुसतं विचारलं, ‘पटतं का?’ पाचवीतला एक मुलगा ताडकन म्हणाला, ‘आमच्या गल्लीत डासांचं फॉगिंग होतं तेव्हा धूर असतो, आग कुठे असते?’ झालं. अर्धा वर्ग म्हणाला तो धूरच नाही, धुरासारखं दिसतं. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, लांबून बघणाऱ्याला काय कळणार धूर कुठला आणि धुरासारखं कुठलं? मग डोंगरावरचा तो तरी धूरच कशावरून? शेवटी एकीने तोड काढली, की आधी धूर ओळखायला शिकलं पाहिजे, आगीचं नंतर. पुढे ताईंकडून कळलं, की जुन्या नैयायिकांनीही धूर समजून धुळीच्या लोटाला फसण्याची चर्चा केलीय. हे त्यांनी मुलांना लगेच सांगितलं नाही, पुढच्या शनिवारी सांगितलं. मी असते तर तिथल्या तिथे ओरडून सांगितलं असतं.

दुसऱ्यांदा मधोमध एक गोधडी होती. ताईंच्या आजीची. वरचं लुगडं फाटलं तेव्हा बदललं, आतल्या चिंध्या बदलल्या, दोरा तर कितीदा नवा घातला. तर ही आजीचीच गोधडी का? ग्रीकांकडे हाच प्रश्न थिसियसच्या जहाजाचा आहे, एकेक फळी बदलत गेलेल्या. मला वाटलं आता ‘आठवणी महत्त्वाच्या’ वगैरे होणार. तसं थोडं झालंही. पण मग सातवीतला एक जण म्हणाला, ‘आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पूर्ण पाडली. आता बावीस मजली आहे. नाव तेच, पत्ता तोच. मग बिल्डिंग तीच का?’ ठाण्यातली मुलं आहेत, निम्म्यांच्या घरी हाच विषय जेवणावर असतो. कुणी म्हणालं जमीन तीच म्हणून तीच. कुणी म्हणालं माणसं तीच म्हणून. त्यावर एकाने विचारलं, भाड्याने गेलेले परत आले नाहीत, तर थोडीशीच तीच का? तेवढ्यात आमच्या कन्येने हात वर केला: ‘बिल्डिंग नवीन आहे, पण सोसायटी तीच आहे. कारण जुन्या मेंटेनन्सची थकबाकी माफ होत नाही.’

मी अट मोडून हसले. पण खरंच सांगते, माझ्या धंद्याचा अर्धा कायदा याच्यावर उभा आहे. भिंती गेल्या, माणसं बदलली, तरी देणं कुणाचं हे ठरवता आलं पाहिजे. ताईंनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: म्हणजे ‘तीच’ असणं हे वस्तूत असतं, की आपण काय मागायचं त्यावर ठरतं? सव्वापाचला तास संपला तेव्हा चपला घालताघालताही भांडण चालू होतं.

आता तक्रारी. ताई मध्यंतरी आजारी होत्या तेव्हा बदली सर आले. सज्जन गृहस्थ, पण त्यांनी गोष्ट सांगितली, खरं बोलावं असा शेवट केला आणि वहीत तात्पर्य लिहायला लावलं. मुलांनी निमूटपणे लिहिलं. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला ती हेच करतात, सवय आहे त्यांना. त्या शनिवारी घरी येताना मुलगी एक शब्द बोलली नाही. त्यावरून एवढं समजलं, की या वर्गात विकत घेण्यासारखं जे आहे ते ताईंचं गप्प राहणं आहे. ते बदली माणसाला जमत नसेल तर त्या शनिवारी सुट्टी दिलेली परवडली.

दुसरं, ते पत्रक. त्यात लिहिलंय, ‘गणितात व वाचनात प्रगती, इंग्लंडमधील संशोधनाने सिद्ध’. आकडा दिसला की मी मूळ कागद मागते, म्हणून शोधलं. इंग्लंडच्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशनचा 2015 चा अहवाल आहे खरा: 48 प्राथमिक शाळा, आणि या तासांमुळे वाचन-गणितात मुलं सरासरी दोन महिन्यांइतकी पुढे गेल्याचं निघालं. पण त्याच संस्थेने पुढे सुमारे दोनशे शाळांत पुन्हा तपासलं, आणि 2021 मध्ये आलेल्या त्या अहवालात वाचनात फायदा दिसला नाही. पहिलं छापायचं आणि दुसरं वगळायचं, याला आमच्याकडे नाव आहे आणि ते चांगलं नाही. ताईंना दाखवलं. ‘पत्रक भाच्याने केलंय, बदलते,’ म्हणाल्या. अजून तेच फिरतंय. ताईंसारख्या माणसाला त्याची गरज नाही, म्हणून जास्त राग येतो.

तिसरी तक्रार बारीक आहे. सोळांमध्ये चारपाच मुलं बोलतात आणि उरलेली ऐकतात. ताई चिठ्ठ्या टाकून बघतात, जोड्या लावून बघतात, तरी बोलणारी तीच. बुजऱ्या मुलाला बोलतं करायचं म्हणून घालणार असाल तर आधी एक तास बघून या.

घरी काय फरक पडला? गुणपत्रिकेत काही नाही. मी परवा म्हटलं, ‘शहाणी मुलं दहाला झोपतात.’ उत्तर आलं, ‘बरोबर. पण दहाला झोपणारी सगळी शहाणी असतात असं त्यातून निघत नाही, मग मला का झोपवतेस?’ सासूबाईंना हे उद्धटपण वाटतं. मला तर्क बिनचूक वाटला, आणि तरीही तिला दहालाच झोपवलं.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक निव्वळ पत्रकाचा. शिकवणी म्हणून बघाल तर निराश व्हाल. पोहण्याच्या क्लासला जसं पोरगं पाण्यात मजा करतं म्हणून पाठवतो, तसं पाठवणार असाल तर सहाशे रुपये जास्त नाहीत. जूनची नोंदणी मेच्या शेवटी होते, मी नाव घातलंय. दुचाकी गेटबाहेर लावावी लागते. फी यूपीआयने चालते, पण पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा.