ओलान्झापिन, रिस्पेरिडोन की ॲरिपिप्रॅझोल? स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांची तुलना

सोलापुरात सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा किंवा खासगी डॉक्टरांकडे, स्किझोफ्रेनियाचं निदान नवं असेल तर चिठ्ठीवर बहुधा या तिनांपैकी एक नाव येतं. चिठ्ठी डॉक्टरच लिहिणार. पण घरच्यांनी काय सांगितलं आणि काय विचारलं, यावरही निवड बरीच ठरते.

कानात येणारे आवाज, संशय, असंबद्ध बोलणं यांवर तिन्ही औषधं काम करतात. ओलान्झापिन किंचित पुढे आहे, पण फरक लहान. त्रासांमधला फरक मात्र मोठा आहे. म्हणून 'यातली भारी कोणती?' असं विचारण्यापेक्षा 'कोणत्या त्रासाला कंटाळून आमचा माणूस गोळी सोडेल?' हे आधी ठरवा. सोडलेल्या गोळीचा उपयोग शून्य.

ओलान्झापिन

रात्री एकदा. सुरुवात ५ ते १० मिलिग्रॅमने, पुढे बहुतेकांना १० ते २०. झोप आणते, त्यामुळे रात्ररात्र जागणारा, अंगावर धावून जाणारा माणूस काही दिवसांतच निवळतो. जिभेवर विरघळणारी गोळीही मिळते. गोळी गालात दाबून नंतर थुंकणाऱ्यांसाठी ती सोयीची.

किंमत मोजावी लागते ती वजनात. भूक अनावर होते, पोट सुटतं, साखर आणि चरबी वाढते. आई-वडिलांना मधुमेह असेल तर हे पहिल्याच भेटीत सांगा. गोळी सुरू होण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) यांची नोंद हवी. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन, तीन महिन्यांनी पुन्हा रक्ततपासणी, मग वर्षातून एकदा. पहिल्या महिन्यात वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोच्या वर गेलं, तर 'नंतर बघू' म्हणू नका. अशांचं पुढेही वाढतच जाण्याची शक्यता जास्त असते आणि औषध बदलायचा विचार करायची वेळ तीच.

इथे विडीचा मुद्दा येतो. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन लवकर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी राहतं. दवाखान्यात भरती असताना विडी बंद होती, तेव्हा डोस बसला, आणि घरी आल्यावर पुन्हा धूर सुरू झाला, तर 'गोळी नियमित घेऊनही त्रास उलटला' असं होतं. उलट, विडी एकदम सोडली तर तीच गोळी जड पडते, दिवसभर गुंगी राहते. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवा. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नाही. मळून खाणाऱ्याला किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईला तो लागू नाही.

रिस्पेरिडोन

स्वस्त, जुनं, सहज मिळणारं. साधारण २ मिलिग्रॅमने सुरुवात, बहुतेकांचं काम ४ ते ६ मध्ये होतं. ६ च्या वर नेलं की फायदा फारसा वाढत नाही, अंग आखडणं मात्र वाढतं. पहिले काही दिवस एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून आधी बसायचं, मग उभं राहायचं.

वजन ओलान्झापिनपेक्षा कमी वाढतं. पण प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. त्यामुळे बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, छातीतून दूध येतं. पुरुषांची लैंगिक इच्छा कमी होते. हे लाजेने कोणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. नवविवाहित माणसासाठी निवड करताना डॉक्टरांनीच हे विचारावं. त्यांनी नाही विचारलं तर तुम्हीच विषय काढा.

सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलांत, मान अचानक वाकडी होणं, डोळे वर चढणं किंवा जबडा आवळणं असं होऊ शकतं. दिसायला भयंकर, पण इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. ती करणी नव्हे, फिटही नव्हे. तडक कॅज्युअल्टीत न्या.

आखडणं टाळायला ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी दिली जाते. रिस्पेरिडोनबरोबर ती एकाच गोळीत घालूनही विकतात आणि ब्रँडच्या नावापुढे बऱ्याचदा 'प्लस' असतं. मेडिकलवाल्याने साध्याच्या जागी 'प्लस' किंवा उलटं दिलं तर दिसायला सारखंच, परिणाम वेगळा. स्ट्रिपच्या मागचे घटक दर वेळी वाचा. ही गोळी तोंड कोरडं करते, बद्धकोष्ठ आणि विसराळूपणा आणते. गरज संपल्यावर चालू ठेवण्यात अर्थ नाही, पण ती डॉक्टरांकडूनच कमी करून घ्या.

ॲरिपिप्रॅझोल

सकाळी एकदा. १० ते १५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ३०. वजन, साखर आणि पाळी या तिन्ही बाबतींत ही तिघांत सगळ्यात हलकी. गुंगी कमी, म्हणून यंत्रमागावर काम करणाऱ्याला सोयीची. ओलान्झापिनची गुंगी सकाळपर्यंत टिकत असेल तर मशिनवर उभं राहणं धोक्याचं.

पण ती झोपवत नाही. घर हादरवणाऱ्या अवस्थेत नुसती हीच दिली तर पहिले दिवस जड जातात आणि डॉक्टर थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी जोडतात. शरीरात ती फार सावकाश साठते. निम्मी उतरायलाच सुमारे ७५ तास लागतात, त्यामुळे पूर्ण पातळी यायला दोन आठवडे. 'आठ दिवसांत फरक नाही' म्हणून बदलू नका.

हिचा मुख्य त्रास म्हणजे चैन न पडणं. माणूस बसतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, पाय हलवत राहतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, मग डोस वाढतो आणि तडफड आणखी वाढते. 'आतून बसवत नाही का?' असं विचारा. हो म्हणाला तर डॉक्टरांना नेमके हेच शब्द सांगा. डोस कमी करून किंवा जोडीला दुसरी गोळी देऊन हे आटोक्यात येतं.

तिन्हींना लागू असलेलं

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. ट्रायहेक्सिफेनिडिल तर घामच कमी करते. दुपारचं शेतातलं काम टाळा, पाणी वरचेवर द्या. जोराचा ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि भ्रमिष्टपणा एकत्र दिसले तर 'ऊन लागलं' म्हणून कांदा चोळत बसू नका. हा औषधाचाच दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो. पुढची गोळी थांबवा, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घ्या आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.

उलटीसाठी गल्लीतल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन देतात. या गोळ्यांवर ते घेतलं तर आखडणं वाढतं, म्हणून आधी चिठ्ठी दाखवा. एकादशी असो वा रोजा, या तिन्ही गोळ्या जेवणावर अवलंबून नाहीत. रोज्यात सकाळची गोळी सहरीला किंवा इफ्तारला हलवता येते, वेळ फक्त डॉक्टरांना विचारून बदला.

एक डोस चुकला आणि त्याच दिवशी आठवलं तर द्या. दुसरा दिवस उजाडला तर सोडून द्या, दोन एकत्र नकोत. आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागलं तरी किमान एक-दोन वर्षं गोळी चालते. परस्पर बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. औषध संपलं, प्रवासात अडकलात किंवा रात्री काही सुचेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि क्लोझापिन

वरच्यांपैकी दोन औषधं पुऱ्या डोसने, प्रत्येकी सहा आठवडे, खरोखर नियमित घेऊनही आवाज थांबले नाहीत तर क्लोझापिनचा विचार करायलाच हवा. भीतीपोटी ते वर्षानुवर्षं लांबवलं जातं, हे चूक आहे. अशा रुग्णांत त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही.

मात्र घर शिस्तीचं हवं. सुरुवात १२.५ मिलिग्रॅमने, वाढ सावकाश. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे हळूहळू अंतर वाढतं. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या खेड्यातून येणाऱ्यांनी जवळची लॅब आधीच ठरवून ठेवावी. घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. पहिल्या दोन महिन्यांत छातीत दुखलं, धाप लागली तर हृदयाची तपासणी लगेच. संडास दोन-तीन दिवस झाली नाही आणि पोट फुगलं तर ते किरकोळ समजू नका, आतडं थांबून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. विडीचं वर सांगितलेलं गणित इथे आणखी कडक लागू होतं. सिप्रोफ्लोक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही रक्तातली पातळी एकदम चढते.

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत किंवा वारीत गोळ्या राहून गेल्या आणि ४८ तास उलटले तर जुना डोस पुन्हा देऊ नका. रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करावं लागतं.